दिवसा जळणारा लाल दिवा

आमच्या ठाण्याच्या घरात विजेचे दिवे आले तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. दिवे आले आणि त्यांच्या पाठोपाठ वडिलांचं ओरडणं आलं. "कोण आहे तिकडे? कुणासाठी जळतोय तो दिवा?" खोलीतून पाय बाहेर पडायच्या आत बटण बंद झालं पाहिजे, असा नियम होता. या नियमाची मला इतकी सवय लागली की दुसऱ्यांच्या घरी गेले तरी माझा हात आपोआप बटणाकडे जायचा. एका मैत्रिणीच्या लग्नात सकाळी मांडवात दिव्यांची माळ जळताना दिसली, ती मी कुणालाही न विचारता बंद करून टाकली. सगळे हसले. मी म्हटलं, हसताय काय, दिवसाढवळ्या दिवे जाळायला हा काय राजवाडा आहे? तेव्हा मला माझ्या या गुणाचा फार अभिमान होता.

त्याच गुणापायी एका सरळ माणसाची नोकरी जायची वेळ आली. ती गोष्ट सांगायची म्हटलं की अजून कानशिलं गरम होतात, पण सांगतेच.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी नर्स होऊन बाहेर पडले होते. आमच्यासारख्या घरातली मुलगी नर्स झाली म्हणून नातेवाइकांची नाकं मुरडून झाली होती. ठाण्यातल्या एका धर्मादाय संस्थेने खेड्यापाड्यांत जाऊन डोळे तपासायची गाडी काढली होती, तिच्यावर मला काम मिळालं. गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून घेतलेली जीप, आणि तिच्या मागे जोडलेला, दोन चाकांवरचा एक बंद डबा. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावण्यांमधून असलं सामान ढिगाने विकायला निघालं होतं, त्यातलाच तो. आत एक बाक, एक स्टूल, औषधांची फळी. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, कारण डोळ्याच्या आत बघायचं तर अंधार लागतो, आणि त्या अंधारात एक सणसणीत दिवा लागतो.

खेड्यांत वीज कुठली? म्हणून बाकाखाली दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या. डॉक्टरांचा दिवा त्यांच्यावर चालायचा. शनिवारी संध्याकाळी त्या ठाण्याच्या एका गॅरेजात चार्जिंगला जायच्या आणि सोमवारी भरून यायच्या. पण रोज चार-पाच तास दिवा जाळायचा तर तेवढ्याने आठवडा निघणार नव्हता. म्हणून आमच्या ड्रायव्हरने जीपच्या डायनॅमोपासून एक जाड वायर मागे डब्यात ओढून घेतली होती. जीप धावत असली की तिची वीज डब्यातल्या बॅटऱ्यांत जायची. म्हणजे, जायला हवी होती.

हा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, चाळिशीचा, लढाईत लष्कराच्या गाड्या चालवलेला. खाकी शर्टाला इस्त्री, मिशा बारीक कातरलेल्या, बोलणं कमी. वर्षभराच्या बोलीवर होता. काम नीट झालं तर संस्था त्याला कायम करणार होती. त्या भरवशावर त्याने कल्याणजवळ मोहन्याला एक खोली घेतली होती आणि तीन वर्षं गावी दिराजावांच्या हाताखाली राबणाऱ्या बायकोला, दोन मुलींसकट, इकडे आणलं होतं. नोकरी गेली की खोली गेली, आणि बायकोमुली पुन्हा त्याच घरात. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी डब्यात औषधांच्या बाटल्या मोजत होते. हा दारात आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्ये बटण जरा ध्यानात ठेवा." दाराजवळ एक काळं बटण आणि वर बोरासारखा एक लाल दिवा होता. तो काहीतरी सांगायला लागला, डायनॅमो, वायर, जीपची बॅटरी. माझी मोजणी चुकली. मी वैतागून म्हटलं, "अहो, मोटारीतलं मला काय सांगता? मी नर्स आहे." तो म्हणाला, "तसं न्हाई बाई, पर..." मी म्हटलं, "बरं बरं, कळलं." आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.

मी डब्यातच बसून प्रवास करायची. डॉक्टर पुढे जीपमध्ये, जीपच्या मागच्या बाजूला तंबूचं सामान आणि मी डब्यात, बाटल्या फुटू नयेत म्हणून त्यांची पेटी मांडीशी धरून. निघायच्या आधी ड्रायव्हर मागे यायचा, ते बटण दाबायचा, लाल दिवा लागायचा, आणि हा दार लावून निघून जायचा. सकाळी आठ वाजता! मी मनात म्हणायची, बघा, लावला आणि विसरला. लष्करात काय, सरकारी माल, कोण विचारतो. खाडीचा पूल यायच्या आत मी हात लांब करून बटण बंद करून टाकायची. रोज. बॅटरी वाचवली म्हणून मला समाधान वाटायचं, वडिलांना सांगावंसंही वाटायचं.

आणि तरी बुधवार उजाडला की डॉक्टरांचा दिवा पिवळा पडायचा. गुरुवारी दुपारपर्यंत तर काजव्यासारखा. डॉक्टर स्वभावाने गाय. रोग्याच्या डोळ्याशी वाकायचे, आरसा इकडेतिकडे करायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, काही दिसत नाही हो. यांना पुढच्या खेपेला बोलवा." बाहेर रांगेत माणसं उन्हात बसलेली असायची. त्यांना परत पाठवायचं काम माझं.

टिटवाळ्याच्या पलीकडून एक आगरी म्हातारी यायची. नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून, शेताच्या बांधाबांधाने चालत. पहिल्यांदा आली तेव्हा दिवा गेला. पुढच्या महिन्यात आली तेव्हा पुन्हा तेच. मी तिला सांगितलं, आजी, आज नाही होणार. ती म्हणाली, "मना काय दिसं नाय गो बाय, दिवस क रात कलं नाय. तुमचा दिवा तरी कवा लागंल?" मी तिच्याकडे बघूच शकले नाही. आणि मग तो सगळा राग मी ड्रायव्हरवर काढला. चारचौघांत म्हटलं, "अहो, एवढं एक काम आहे तुम्हाला! तेही जमत नाही? ही बाई मैल मैल चालत येते, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

त्याने मान खाली घालून जीपचं बॉनेट उघडलं.

काय केलं नाही त्याने! वायर काढून नवी घातली. पट्टा बदलला. डायनॅमो खोलून साफ केला. बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुऊन त्यांना व्हॅसलिन लावलं. बॅटरीतल्या ॲसिडने शर्टाला भोकं पडली, हाताची कातडी निघाली. तो डॉक्टरांना सांगायचा, "सायेब, निघताना मीटरचा काटा वर असतोय. चार्जिंग झ्याक दावतोय. आन् पुलापातूर आलो की आपसूक खाली येतोय. माझं डोकं चालंना झालंय." डॉक्टर म्हणायचे, "मला त्यातलं काय कळतं बाबा." मी मागे ऐकत असायची आणि म्हणायची, सबबी! नुसत्या सबबी!

त्यातून मजा बघा. मुक्कामाला पोचलो की तो बटण बंद करायला मागे यायचा, तर ते आधीच बंद. एकदा म्हणाला, "बाई, तुमी थांबल्या थांबल्या बटण बंद करता, लई ब्येस करता. न्हाईतर जीप सुरू करताना डब्यातली वीज खेचून घेती." मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की मी बेस करते. मी म्हटलं, "मग! आमच्याकडे अशी उधळमाधळ चालत नाही." तो हसला. त्याला वाटलं मी गाडी थांबल्यावर बंद करते. मला वाटलं त्याला आपली चूक कळली.

मोहन्याला शिबिर होतं त्या दिवशी त्याची बायको डब्याशी आली. आमच्यासाठी भाकरी, पिठलं आणि ठेचा घेऊन. लहानखुरी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. डॉक्टर जेवायला बसल्यावर ती मला बाजूला म्हणाली, "बाई, ह्ये सुट्टीच्या दिशी बी तारा घिऊन बसत्यात. जेवताना बी ध्यान न्हाई. तुमी शिकलेल्या हायसा, सायबास्नी सांगा की, मानूस कामचुकार न्हाई म्हून." तिने त्याच्या शर्टाला लावलेली ठिगळं मी पाहिली, टाके इतके बारीक की लांबून कळू नयेत. मी "बघू" म्हटलं आणि ठेचा मागून घेतला. ठेचा फार छान होता. आठवलं की आता घशाखाली घास उतरत नाही.

कारण त्याच आठवड्यात संस्थेच्या चिटणिसांनी मला बोलावलं. ते शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, कडक माणूस. म्हणाले, "दिवा का जातो? डॉक्टर काही बोलत नाहीत. तुम्ही रोज बरोबर असता, तुम्ही लिहून द्या." मी लिहून दिलं. चांगल्या अक्षरात, शाईने. ड्रायव्हरचं कामात लक्ष नाही, दिवसा दिवा चालू ठेवून बॅटरी उतरवतो, मला रोज बंद करावा लागतो. हेही लिहिलं, होय. चिटणिसांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, महिनाअखेरीस त्याला कामावरून रजा द्यावी लागेल.

घरी आले, जेवले, झोपले. सुखाने झोपले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर डोंबिवलीला मुलीकडे होते, तिथून परस्पर कल्याणला येणार होते. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आज म्होरं बसा, बाटल्या मी गोधडीत गुंडाळतो." मी पुढे बसले. त्याने आदल्या संध्याकाळी पुन्हा नवी वायर टाकली होती. सारा रस्ता तो त्या काट्याकडे बघत होता आणि काटा काही खाली येईना. पूल गेला, भिवंडी गेली, कल्याण आलं. त्याचा चेहरा बघायला हवा होता! बुधवारी दुपारपर्यंत दिवा लखलखीत राहिला. पण बुधवारी मी पुन्हा मागे बसले होते, आणि गुरुवारी दिवा मलूल झाला. तो जीपच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, "झालं? चार दिवसांची चैन संपली?" बोलले खरी. जिभेला हाड नसतं म्हणतात ते माझ्याच जिभेकडे बघून म्हणत असावेत.

मग मला ताप आला. सोमवारपासून तीन दिवस अंथरुणात. गुरुवारी कामावर गेले तर डॉक्टर लहान मुलासारखे खूष. "सिस्टर, तीन दिवस काय दिवा होता! काल संध्याकाळी शेवटच्या माणसाचा डोळासुद्धा स्वच्छ दिसला." ड्रायव्हर पाठीमागून कधी नव्हे ते चेष्टेत म्हणाला, "बाई नसल्या की डबा खूष असतोय बघा." मी भडकले. म्हटलं, "हो का? मग राहतेच घरी!" आणि दाणकन डब्यात जाऊन बसले. त्याने बटण दाबलं, दार लावलं. जीप निघाली.

लाल दिवा जळत होता. बाहेर लख्ख ऊन. माझा हात गेला. बटणाला बोट लागलं, आणि तिथेच थांबलं.

डबा खूष असतो. मी नसले की. मी पुढे बसले त्या दिवशी खूष. मी तापात पडले ते तीन दिवस खूष. निघताना काटा वर, पुलापाशी खाली. आणि पुलापाशी काय होतं? पुलापाशी मी हात लांब करते.

मी बोट मागे घेतलं. पेटी मांडीवर घट्ट धरून त्या लाल दिव्याकडे बघत बसले. देवा, म्हटलं, असं नसू दे. माझ्या जागी दुसरं काहीतरी असू दे, वायर, पट्टा, उंदराने कुरतडलेलं काहीतरी.

त्या दिवशी शिबिर टिटवाळ्याला होतं. गुरुवार होता, आणि दुपारी चार वाजता दिवा सोमवारसारखा होता. म्हातारी तिसऱ्यांदा आली होती. डॉक्टरांनी एका मिनिटात सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकलाय, ठाण्याला आणा, काढून टाकू, दिसेल. नातसून रडायलाच लागली. म्हातारीने चाचपत माझा हात शोधला, दोन्ही हातांत धरला, आणि म्हणाली, "तुजा हात गुणाचा गो बाय." तोच हात. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

सगळे गेल्यावर ड्रायव्हर सामान बांधत होता. मी विचारलं, "तो लाल दिवा कसला हो?" तो सहज म्हणाला, "जीपची वीज डब्यात चाललीया, त्याची खूण. त्यो जळंल तवर बॅटरी भरतीया." मी म्हटलं, "आणि बंद केला तर?" तो म्हणाला, "तर वीज यायची बंद." मग तो थांबला. दोरीची गाठ हातातच राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं. मी म्हटलं, "पुलाच्या अलीकडे. रोज." मला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडावंच. तो खाली बसला आणि गाठ मारली. म्हणाला, "म्हंजी डायनॅमो चांगला हाय." बस्स, एवढंच.

शनिवारी मी चिटणिसांकडे गेले. तो आधीच तिथे उभा होता, त्याला रजेचं सांगायलाच बोलावलं होतं. टेबलावर माझा कागद होता. मी दारातूनच म्हटलं, "मास्तर, तो कागद खोटा आहे. बॅटरी मी उतरवत होते." आणि सगळं सांगितलं, लाल दिवा, पूल, काटा. ते चष्म्यावरून बघत राहिले. "तुम्ही? पण का?"

"दिवसा जळत होता म्हणून."

ते हसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरकडे मान वळवली. "मग या बाईंना तू सांगायला नको होतंस? नवी मुलगी, तिला यंत्रातलं काय माहीत? बटण कशाचं आहे हे सांगणं तुझं काम होतं. म्हणजे शेवटी हलगर्जीपणा तुझाच."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने टोपी दोन्ही हातांत धरली होती, पहिल्या दिवशी डब्याच्या दारात धरली होती तशीच. तो म्हणाला, "व्हय सायेब. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मी गप्प राहिले. हे कुणाला आजवर सांगितलेलं नाही. मी गप्प राहिले. मनात आलं, तो स्वतःच म्हणतोय ना? माझी पहिलीच नोकरी, घरी काय सांगू, नातेवाईक तर टपलेलेच. चिटणिसांनी रजेचा शेरा लिहायला टाकाचं टोक दौतीत बुडवलं. टाक कागदावर टेकायच्या बेतात होता तेव्हा मला शर्टावरचं ते ठिगळ दिसलं, बारीक टाक्यांचं.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. आवाज केवढा मोठा निघाला! "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दारात उभं राहून, टोपी काढून. मी ऐकलं नाही. ड्रायव्हर आहे, हा मला काय शिकवणार, म्हणून ऐकलं नाही. रजा द्यायची तर मला द्या. दादांना नका देऊ."

त्या दिवसापर्यंत मी त्याला ओ ड्रायव्हर म्हणत होते.

चिटणिसांनी टाक खाली ठेवला. माझा कागद उचलून फाडला, तुकडे टोपलीत टाकले आणि म्हणाले, "दोघंही सोमवारी वेळेवर या." मग माझ्याकडे बघून, वर्गात बघत असतील तसं, "आणि तुम्ही, सिस्टर, ऐकायला शिका." मी मान हलवली. रडू येत होतं, ते दाबायला दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा एकदा मान हलवली.

सोमवारी सकाळी दादा मागे आले. बटण दाबलं, लाल दिवा लागला. दार लावता लावता थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, बाई, हात लावू नका. म्हणायचा हक्क होता त्यांना. ते म्हणाले, "पेटी नीट धरा हां, म्होरं रस्ता खराब हाय."

दार लागलं. मी पेटी दोन्ही गुडघ्यांमध्ये घेतली, घट्ट आवळली, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून मुरबाडपर्यंत तशीच बसून राहिले.